मन भटकत नाही, अपडाऊन करतं

परवा ऑफिसमध्ये डबा खाताना एका मैत्रिणीने विचारलं, तू रोज सकाळी ध्यानाला बसतेस ना गं, मग विचार थांबतात का तुझे? मी म्हटलं छे, आज सकाळच्याच वीस मिनिटांत गणपतीच्या मखराचा रंग ठरवून झाला, मुलाच्या क्लासचा दुसरा हप्ता कुठल्या खात्यातून भरायचा तेही ठरलं आणि वर एका बाईशी मनातल्या मनात कडकडून भांडून झालं. तिचा चेहरा असा काही पडला की मलाच वाईट वाटलं. "मग उपयोग काय एवढं पाचला उठून?" डब्याच्या अर्ध्या तासात मी तिला जेमतेम पुरणपोळीपर्यंत सांगू शकले (पुरणपोळी कुठून आली ते कळेल पुढे), तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ते राहिलंच. म्हणून हे लिहितेय, सविस्तर.

तर २०१८ च्या जुलैमध्ये मी इगतपुरीला विपश्यना या ध्यानाच्या दहा दिवसांच्या कोर्सला गेले होते. का गेले याचं फार थोर कारण नाही. बीपी वाढलेलं, झोप उडालेली, आणि घरात सगळ्यांवर खेकसणं इतकं झालेलं की एक दिवस मुलगा म्हणाला आई तू ना कायम म्यूटवर हवी होतीस. नवऱ्याला सांगितलं दहा दिवस मौन असतं, तर तो आधी पोट धरून हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, फॉर्म भरलास का?

कल्याणहून सकाळची गाडी धरली. कसाऱ्याला घाट चढायला मागून जादा इंजिन लावतात ते माहीत असेलच, आणि त्या दिवशी पाऊस आणि धुकं इतकं होतं की खिडकीतून फक्त पांढरं, मधेच एखादा धबधबा, परत पांढरं. मला उगाच वाटलं की आता मन पण असंच पांढरंशुभ्र होणार, वाह. काय काय वाटतं माणसाला.

धम्मगिरीला, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्रात, कोर्सेस १९७६ पासून चालू आहेत. फोन जमा, पुस्तक नाही, वही-पेन नाही, आणि आर्य मौन म्हणजे नुसतं बोलायचं नाही एवढंच नाही, खाणाखुणा पण नाहीत, एकमेकींकडे बघून हसायचं पण नाही. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत मधल्या सुट्ट्या वजा जाता बसणं दहा तासांच्या वर जातं. साडेसहाला नाश्ता, जेवण अकराला, संध्याकाळी पाचला नव्या लोकांना चहा आणि थोडंसं खाणं, बस. पैसे घेत नाहीत, शेवटी ज्याला द्यायचं त्याने दान द्यायचं. आणि ही विपश्यना शिकवणारे गोएंकाजी २०१३ मध्ये गेले तरी सूचना त्यांच्याच आवाजात, रेकॉर्डेड, आणि संध्याकाळचं प्रवचन पण त्यांचंच, व्हिडिओवर.

पहिले साडेतीन दिवस एकच काम, आनापान. नाकपुड्यांतून श्वास येतो जातो तो बघायचा. मुद्दाम मोठा घ्यायचा नाही, मोजायचा नाही, नाम जोडायचं नाही, कसलं चित्र आणायचं नाही. जसा आहे तसा बघायचा. मला वाटलं एवढंच? मी अकाउंट्समध्ये आहे, मी दिवसभर आकड्यांच्या ओळीवरून नजर हलू देत नाही, मला हे काय कठीण.

तीन श्वास. मी मोजून तीन श्वास टिकले, आणि पुढे जे झालं ते मला अजून पाठ आहे. श्वास नाकाला गार लागला. गार, म्हणजे बाहेर पाऊस. पाऊस म्हणजे बाल्कनीतले कपडे, नवरा ते काढणार नाही, कुबट वास मारणार सगळ्याला. वास म्हणजे डांबराच्या गोळ्या. डांबराच्या गोळ्या सासूबाई प्रत्येक ट्रंकेत टाकतात, अगदी भांड्यांच्या ट्रंकेत पण. भांड्यांची ट्रंक माळ्यावर, त्यात ते जुनं पुरणयंत्र आहे त्याची जाळी हरवलीय. पुरणयंत्र, पुरण, पुरणपोळी. आणि पुरणपोळी म्हटलं की नणंद.

अकरा वर्षांपूर्वीची होळी. घरात वीस माणसं, मी पहाटेपासून उभी, आणि ताई पहिला घास घेऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, चव छान आहे हं, पोळ्या फक्त जरा जाड झाल्यात, पण नोकरीवाल्या बाईला कुठून एवढा वेळ." संपलं. एवढंच वाक्य. मी तेव्हा हसून पुढची पोळी तव्यावर टाकली. आणि आता अकरा वर्षांनी, इगतपुरीच्या त्या हॉलमध्ये, आजूबाजूला शेकडो बायका शांत डोळे मिटून बसलेल्या असताना मी त्यांना उत्तर देत होते. एक सभ्य उत्तर, एक झोंबणारं, एक असं की ज्यात सासूबाईच माझी बाजू घेतात (हे तर शुद्ध काल्पनिक). तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्याकडे बारा-चौदा व्हर्जन तयार होती. एका व्हर्जनमध्ये मी काहीच बोलत नाही, नुसती बघते, आणि अख्खी पंगत गप्प होते. ते माझं सगळ्यात लाडकं.

गंमत म्हणजे बाकीच्या बायकांकडे चोरून बघितलं की वाटायचं या सगळ्या पोचलेल्या आहेत, मीच एकटी पोळ्या लाटतेय. शेवटच्या दिवशी मौन सुटल्यावर कळलं, माझ्या शेजारी पुतळ्यासारखी बसणारी जळगावची बाई दहा दिवस मनात घराचं बांधकाम करत होती, स्लॅबपर्यंत आली होती.

पहिले दोन दिवस मी काय केलं, तर जबरदस्ती. विचार आला की त्याला ढकल, मनातल्या मनात गप्प बस म्हण, दात आवळ. याने काय होतं ते आपल्याकडे लहान पोराला पण माहीत आहे. वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं घे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही. झालं, जन्मात कधी न आठवणारं माकड चमच्यावर येऊन बसलं. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला, त्याच्याकडे माकडाऐवजी पांढरं अस्वल होतं. लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि केलात तर घंटी वाजवा, आणि घंट्या वाजत राहिल्या. आमच्या वैद्यबुवांना हे फुकटात माहीत होतं, असो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं डोकं ठणकत होतं, ध्यानाने नव्हे, ढकलाढकलीने.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा ते एक भेटीची वेळ असते, तेव्हा आचार्यांना विचारायला गेले. साधी सुती साडी, वय साठीच्या पुढे. मी म्हटलं ताई, मन फार भटकतंय, मला नाही जमणार हे, माझं मन मुळातच चंचल आहे. मला वाटलं आता त्या धीर देतील. त्यांनी विचारलं, "भटकलंय हे किती वेळाने कळतं?" मी गडबडलेच. कारण हे मी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं पहिल्या दिवशी तर चहाच्या घंटेपर्यंत कळलं नव्हतं, आता पाच-दहा मिनिटांत कळत असेल. त्या म्हणाल्या, मग बरं चाललंय की. जा, बसा.

मला खूप राग आला. हे काय उत्तर झालं. पण दुपारच्या बैठकीत, जेवणानंतरची ती एक ते अडीच, जी खरं तर डुलक्यांची वेळ, त्यात मी पहिल्यांदा मनाला ओरडायचं सोडून ते कधी सुटतं आणि कधी सापडतं एवढंच बघायला लागले. आणि मग मला जे दिसलं ते म्हणजे, अहो, हे भटकत नाहीये. भटकणं म्हणजे कसं, वाट फुटेल तिकडे, आज कोकण उद्या नेपाळ. माझं मन कुठे नेपाळला जातंय? ते कुठूनही निघालं, श्वासातून निघो, गुडघ्याच्या दुखण्यातून निघो, शेजारणीच्या खोकल्यातून निघो, दहा-बारा स्टेशनं घेऊन नणंदेलाच पोचतं. किंवा मग ऑफिसमधल्या त्या ३४० रुपयांच्या फरकाला, जो मार्चच्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये राहून गेला होता. किंवा गॅस बंद केला का. तीनच टर्मिनस. बाकी सगळी मधली स्टेशनं. मी इतकी वर्षं डोंबिवलीहून निघते, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, डोळे मिटले तरी कुठलं आलं ते कळतं, आणि माझं मन त्याहून वेगळं काही करतच नव्हतं. अपडाऊन करत होतं, पासहोल्डर होतं.

याचा उपयोग काय झाला सांगते. भटकणाऱ्याला शोधणार कुठे, पण रोजच्या गाडीचा रूट माहीत असतो ना. पुरणयंत्र आलं की मला कळायला लागलं की हां, हे ठाणे आलं, आता पुढे कुठे जाणार ते ठाऊक आहे, उतरा. आधी मी थेट शेवटच्या स्टेशनला जागी व्हायचे, मग दोन स्टेशनं आधी, मग कधीतरी डांबराच्या गोळीलाच. पहिल्याच स्टेशनला उतरले असं अजूनही फार वेळा होत नाही. पण भांडण सुरू व्हायच्या आधी उतरलं तर परत यायला त्रास कमी होतो हे अगदी नक्की, कारण भांडणाने छाती धडधडते आणि मग श्वास नैसर्गिक राहतच नाही, बघणार काय.

मधे मी एक उद्योग केला तो तुम्ही करू नका. विचारांची साखळी उलटी सोडवत बसायचं, नणंद कुठून आली, पुरणातून, पुरण कुठून, यंत्रातून, असं मागे मागे श्वासापर्यंत. फार मजा येते आणि आपण काहीतरी भारी सायकॉलॉजी करतोय असं वाटतं. अर्धा दिवस त्यात गेला. मग लक्षात आलं की हा पण विचारच, फक्त डाऊनच्या ऐवजी अप गाडीत बसलेय.

दुसरी माझी आशा अशी होती की या सगळ्याच्या तळाशी काहीतरी खोल सापडेल. लहानपणीची जखम वगैरे. लोक लिहितात ना की सहाव्या दिवशी मी ढसाढसा रडले आणि सगळं मोकळं झालं. मी वाट बघत होते. सहावा गेला, सातवा गेला. चौथ्या दिवसापासून विपश्यना सुरू होते, अंगभर संवेदना बघायच्या आणि रोज तीन वेळा एक तास हात-पाय-डोळे न हलवता बसायचं, त्यात गुडघ्यांनी जीव घेतला तो वेगळा (दुसऱ्या दिवसापासूनच बायका उशांवर उशा रचत होत्या, काहींचे तर किल्ले झाले होते). पण तळाशी काही नव्हतं हो. खणून खणून पुरणपोळीच निघाली. ती काही मोठी जखम नव्हती, नुसती सवय होती, इतक्या वेळा त्या रस्त्याने गाडी गेलेली की रूळच पडलेत. मला हे कळल्यावर जरा अपमानास्पद वाटलं आणि मग खूप हलकं वाटलं.

गोएंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते हे मला तिथेच कळलं आणि मी मनात टुणकन उडी मारली, आमच्यातलाच माणूस! गोएंका तेव्हा तिकडचे मोठे व्यापारी, मायग्रेनने हैराण, डोकेदुखी जावी म्हणून यांच्याकडे गेले तर यांनी आधी नाहीच म्हटलं, डोकेदुखीसाठी हे शिकवत नाही म्हणून. मला त्या ऊ बा खिन यांच्याबद्दल फार कुतूहल आहे, की दिवसभर सरकारी खतावण्या बघून हा माणूस संध्याकाळी डोळे मिटायचा तेव्हा त्याला न जुळलेल्या एन्ट्र्या दिसायच्या का. दिसत असणार. ३४० रुपये कुणाला सोडत नाहीत.

घरी आल्यावरची गोष्ट वेगळी. ते सांगतात सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा. मी दोन महिने बसले, मग गणपती आले, मग दिवाळी, मग बंद. दीड वर्षाने परत सुरू केलं ते वीस मिनिटांवर, आणि ते टिकलंय. पाच वाजता, पाणी यायच्या आधी. खुर्चीवर बसते, गुडघ्यांशी मी आता वाद घालत नाही. फोन दुसऱ्या खोलीत, हे सगळ्यात महत्त्वाचं, उशाशी उलटा ठेवलेला फोन पण ओढतो. आणि बसायच्या आधी दोन मिनिटं एका पाठकोऱ्या कागदावर आजची कामं लिहून काढते, कारण इस्त्रीवाल्याचे पैसे आणि भिजवायचे छोले हे विचार नाहीत, निरोप आहेत, लिहून घेतले की गप्प बसतात. मधे उठून लिहायचं मात्र नाही, तसं एकदा केलं तर मन दर दोन मिनिटाला काहीतरी अर्जंट आणून देतं, हुशार असतं.

आणि हो, मी मोजते. विपश्यनेत मोजायला मनाई आहे, त्यामुळे हे तिथल्या कुणाला सांगू नका. झेन ध्यानवाले एक ते दहा श्वास मोजतात आणि चुकलं की परत एकपासून, तसं मी डोकं फारच पेटलेलं असेल तेव्हा पहिली पाच मिनिटं करते. दहापर्यंत पोचणं ही पार्टी करण्यासारखी गोष्ट आहे, मी बऱ्याचदा सत्तावीसला भानावर येते. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडो या ध्यानगुरूंच्या पद्धतीत विचार आला की मनात नुसतं 'विचार, विचार' असं म्हणून नोंद करतात. मी 'कळवा' म्हणते. हसा, पण चालतं. पद्धतींची सरमिसळ करू नये म्हणतात आणि ते बरोबरच असेल, पण मी काय निर्वाणाला निघालेली नाहीये, मला ऑफिसात ज्युनिअरवर खेकसायचं नाहीये एवढंच.

मला यात खरी आठवते ती माझी आजी. ती रोज संध्याकाळी गोमुखीत हात घालून एकशे आठ मण्यांची माळ ओढायची आणि मधेच, अगं दूध बघ, मांजर आलंय, दारात कोण आलंय त्याला म्हणावं चपला बाहेर काढ. आम्ही नातवंडं खिदळायचो. एकदा माझ्या भावाने विचारलंच, आजी तू इतकी बोलतेस मग तुझा जप मोजला जातो का देवाकडे? आजी म्हणाली, "मी बोलले रे, बोट कुठं हललंय?" आणि खरंच, गोमुखीत बोट त्याच मण्यावर असायचं. दूध उतरवून झालं की तिथूनच पुढे. तिला कधी माळ पहिल्यापासून सुरू करताना मी बघितलं नाही, आणि स्वतःवर चरफडताना तर नाहीच नाही. मी मात्र दहा दिवस आणि हजारो रुपयांचे मलम खर्च करून तिथपर्यंत आले.

२०१० मध्ये हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी आयफोनवरून २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून विचारलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. ४६.९ टक्के वेळा मन भलतीकडेच. म्हणजे जवळजवळ अर्धं आयुष्य आपण जिथे असतो तिथे नसतोच. कुठलंही काम घ्या, मन किमान तीस टक्के तरी बाहेर, फक्त एका कामाचा अपवाद होता, तो मी इथे लिहीत नाही कारण सासूबाई ब्लॉग वाचतात. पण मला त्यातलं दुसरंच वाक्य लागलं, की मन छान छान गोष्टींत रमलेलं असलं तरी माणूस हातातल्या कामात असताना होता त्याहून काही जास्त आनंदी नव्हता. म्हणजे ते माझं लाडकं व्हर्जन, अख्खी पंगत गप्प होते ते, ते पण मला काही देत नव्हतं.

विचार कधीच थांबत नाहीत असं मात्र नाही हं, ते पण सांगायला हवं. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की एकदम सगळ्यांची रेंज जायची, आठवतंय? डब्यातले सगळे फोन अर्धवट वाक्यात तुटायचे आणि एखाद मिनिट नुसता गाडीचा आवाज. तसं होतं कधीकधी. श्वास चालू आहे आणि कुणीच बोलत नाहीये. छान असतं ते. मग "अरे वा, विचार थांबले" हा विचार येतो आणि बोगदा संपतो. तो मागून येत नाही, म्हणून मी मागत नाही, आला तर आला. आणि एक, ज्यांना खूप नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास चालू आहे त्यांनी सरळ दहा दिवसांना उडी मारू नये, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. फॉर्ममध्ये पण हे विचारतात, ते खरं खरं भरा.

कोर्सहून आल्यावर महिनाभराने मी ताईंना फोन केला होता. मनाचा धडा करून सगळं सांगितलं, की तुम्ही त्या होळीला असं म्हणालात आणि मी इगतपुरीत दहा दिवस तुमच्याशी भांडत होते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "अगं वहिनी, मी? मला तर स्वतःला पुरणपोळी येत नाही. आम्ही विकतच्या आणतो." मग दोघी इतक्या हसलो की त्यांचे मिस्टर काय झालं म्हणून बघायला आले. त्यानंतर ते स्टेशन बंद झालं असेल असं वाटेल तुम्हाला. नाही झालं. गाडी अजून जाते तिथे, फक्त आता थांबत नाही फार वेळ.

तर त्या ऑफिसच्या मैत्रिणीला मी म्हटलं होतं बस तू पाच मिनिटं उद्यापासून, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि श्वास बघ, बाकी काही करू नकोस. आज सकाळी सहा वाजता तिचा मेसेज. "बसले गं. चार मिनिटं. चारही मिनिटं तुझी नणंद आणि पुरणपोळी. माझ्या डोक्यात कशाला घातलीस?"